गॅस गिझर पेटत नाही? घरी काय करता येतं, कुठे थांबायचं आणि खरा धोका कुठे आहे

थंडीच्या दिवसांत गॅस गिझर बंद पडला की बहुतेक घरांत तीन गोष्टी होतात. कुणीतरी त्याला दोन थापा मारतं, कुणीतरी सेल बदलतं आणि कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ शोधतं.

शोधल्यावर जे व्हिडिओ समोर येतात, त्यातले बरेचसे अमेरिकेतले असतात. त्यात एक माणूस जमिनीवर वाकतो, उंच टाकीच्या तळाशी असलेला नॉब 'पायलट'वर आणतो, दाबून धरतो आणि छोटी निळी ज्योत पेटवून दाखवतो. काम पाच मिनिटांचं. पण पुण्यातल्या किंवा नाशिकच्या बाथरूममध्ये भिंतीवर लटकलेल्या गिझरला ना तो नॉब असतो, ना ती ज्योत. मग कव्हर उघडलं जातं, आत काडी किंवा लायटर धरला जातो, एखादी वायर थेट जोडली जाते. गिझर कधी कधी पेटतोही. आणि इथूनच खरा प्रश्न सुरू होतो.

गॅस गिझरमुळे बाथरूममध्ये गुदमरून मृत्यू झाल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. मार्च २०२३ मध्ये होळीच्या सुमारास मुंबई आणि गाझियाबाद इथे दोन दांपत्यांचे बाथरूममध्ये मृत्यू झाले. दोन्ही ठिकाणी संशयाची सुई गॅस गिझरकडे वळली होती. अशा बहुतेक घटनांमध्ये एक समान गोष्ट दिसते. गिझर बंद पडलेला नसतो, तो व्यवस्थित चालू असतो.

पायलट लाइट म्हणजे नेमकं काय?

अमेरिकेतल्या बऱ्याच घरांत पाणी तापवण्यासाठी दीडशे-दोनशे लिटरची उभी टाकी असते. ती तळघरात, गॅरेजमध्ये किंवा वेगळ्या कपाटात ठेवलेली असते. टाकीखाली मोठा बर्नर असतो आणि त्याच्या शेजारी चोवीस तास जळणारी एक बारीक ज्योत. हीच पायलट लाइट. पाणी गार झालं की मोठ्या बर्नरला गॅस सुटतो आणि ही ज्योत त्याला पेटवते. देवघरातल्या समईवरून निरांजन लावून घ्यावं, तसंच.

ही ज्योत विझली तर गॅस तसाच सुटत राहू नये म्हणून तिच्यात थर्मोकपल नावाची धातूची कांडी ठेवलेली असते. तापल्यावर ती अगदी थोडी वीज तयार करते, साधारण २५ ते ३० मिलिव्होल्ट. रिमोटमधल्या दीड व्होल्टच्या सेलच्या पन्नासाव्या भागाइतकी. एवढ्याशा विजेवर गॅसचा व्हॉल्व्ह उघडा राहतो. ज्योत विझली, कांडी गार झाली की थोड्याच वेळात व्हॉल्व्ह आपोआप बंद होतो.

म्हणूनच त्या व्हिडिओंमध्ये सांगतात: नॉब बंद करा, किमान पाच मिनिटं थांबा, जमिनीजवळ गॅसचा वास येत नाही ना ते पाहा, मग नॉब 'पायलट'वर आणून दाबून धरा, ज्योत पेटवा आणि कांडी तापेपर्यंत, म्हणजे जवळपास मिनिटभर, नॉब सोडू नका. हात काढल्यावर ज्योत विझत असेल तर बहुतेकदा थर्मोकपल खराब झालेलं असतं किंवा पायलटचं बारीक छिद्र कचऱ्याने बुजलेलं असतं. परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ही माहिती उपयोगी आहे. मात्र ज्योत पुन्हा पुन्हा विझत असेल, तर तिथेही तंत्रज्ञालाच बोलावलं जातं.

या टाकीबद्दल आणखी एक गोष्ट व्हिडिओत सहसा सांगितली जात नाही, कारण तिथल्या लोकांना ती सांगावीच लागत नाही. टाकीच्या डोक्यावर धुराचा पाइप असतो. जळलेला वायू थेट घराबाहेर जातो.

आपल्याकडचा गिझर कसा पेटतो?

महाराष्ट्रात घराघरांत दिसणारा ५-६ लिटरचा गॅस गिझर 'इन्स्टंट' प्रकारचा असतो. त्यात टाकी नसते आणि पायलटही नसते. नळ सोडला की पाणी आतल्या रबरी पडद्यावर, म्हणजे डायफ्रॅमवर, दाब देतं. पडदा एक पिन पुढे ढकलतो, पिन मायक्रोस्विचला सोडते आणि दोन मोठ्या सेलवर चालणारा छोटा बॉक्स ठिणग्या पाडू लागतो. 'टिक टिक टिक' आवाज येतो तो याच ठिणग्यांचा. त्याच वेळी गॅसचा विजेवर चालणारा व्हॉल्व्ह उघडतो आणि बर्नर पेटतो.

बर्नरजवळची आणखी एक कांडी ज्योत आहे की नाही हे पाहते. काही सेकंदांत ज्योत दिसली नाही तर व्हॉल्व्ह बंद होतो. नळ बंद केला की पडदा मागे येतो आणि सगळं थांबतं.

थोडक्यात, पाणी, सेल, गॅस आणि ज्योत या चारही गोष्टी जागेवर असतील तरच हा गिझर चालतो. एक जरी नसेल तर तो पेटत नाही. तो तसाच बनवलेला आहे.

पेटत नसेल तर घरी काय तपासता येतं?

कव्हर न उघडता पाच गोष्टी कुणालाही पाहता येतात.

१. आवाज येतोय का? नळ पूर्ण सोडल्यावर टिक टिक ऐकू येत नसेल तर आधी सेल बदला. दोन्ही एकदम आणि नवे. एक जुना, एक नवा असं करू नका. सेलच्या खोबणीत हिरवट-पांढरा थर आला असेल तर तो कोरड्या कपड्याने पुसा. बाथरूमच्या दमटपणाने हा थर लवकर येतो.

२. पाण्याला जोर आहे का? असे गिझर पेटायला साधारण दोन-अडीच मीटर उंचीवरच्या पाण्याचा दाब लागतो. सगळ्यात वरच्या मजल्यावर, टाकी अगदी डोक्यावर असलेल्या घरांत हा दाब कमी पडतो. सेल नवे असूनही तिथे गिझर रुसतो. अशा वेळी दुसरे नळ बंद करून पाहा.

३. जाळी साफ आहे का? गार पाणी गिझरमध्ये जातं तिथे एक बारीक जाळी असते. बोअरचं पाणी असेल तर ती क्षारांनी आणि वाळूने भरते. गॅस आणि पाणी दोन्ही बंद करून ही जाळी काढून धुता येते.

४. ठिणगी पडते, पण ज्योत नाही? मग गॅस येत नाहीये. सिलिंडर संपला आहे का, रेग्युलेटर चालू आहे का, गॅसचा कॉक उघडा आहे का, नळी दुमडली आहे का, हे पाहा. सिलिंडर नुकताच बदलला असेल तर नळीत हवा असते. मध्ये थोडं थांबत दोन-तीन वेळा नळ सोडून बंद केला की ती निघून जाते. या वेळी गॅसचा वास आला तर मात्र तिथेच थांबा.

५. पेटतो आणि विझतो? सेल कमकुवत असतील किंवा पाण्याचा दाब कमी-जास्त होत असेल तर असं होतं. बऱ्याच मॉडेलमध्ये साधारण वीस मिनिटांनी गिझर आपोआप बंद होण्याची सोय असते. काही गिझरमध्ये खोलीतला ऑक्सिजन कमी झाला की गॅस तोडणारा सेन्सरही असतो. तो सेन्सर असेल आणि दार बंद असतानाच गिझर विझत असेल, तर त्याला बिघाड समजू नका. खोलीत हवा कमी पडतेय, असा तो इशारा आहे.

या पाच गोष्टींनी काम झालं नाही तर पुढचं काम मेकॅनिकचं. फाटलेला डायफ्रॅम, अडकलेला मायक्रोस्विच, खराब झालेला व्हॉल्व्ह या बाजारात मिळणाऱ्या वस्तू आहेत आणि सुटा भाग बदलण्याचं काम मोठंही नाही. पण गॅसचा जोड उघडून पुन्हा बसवल्यावर तो गळत नाही, हे तपासणं हा त्या कामाचाच भाग असतो. व्हिडिओमध्ये नेमका तेवढाच भाग कापलेला असतो.

काय अजिबात करू नये?

कव्हर काढून बर्नरला काडी लावू नये. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. तो खाली साचतो आणि उशिरा पेटला तर भडका थेट चेहऱ्यावर येतो.

मायक्रोस्विचच्या वायर थेट जोडून गिझर 'कायमचा चालू' करू नये. पाणी गेलं तरी गॅस चालू राहील आणि रिकामी तांब्याची कॉइल तापत राहील.

ज्योत मोठी व्हावी म्हणून जेटमध्ये पिन किंवा तार घालू नये. ते छिद्र ठरावीक मापाचं असतं. ते मोठं झालं की गॅस जास्त येतो, पण हवा तेवढीच राहते.

गळती शोधायला काडी पेटवू नये. साबणाचा फेस लावावा. बुडबुडे आले तर गळती आहे.

खरा धोका कोणत्या गिझरचा?

इथे एक उलटा हिशोब आहे. पेटत नसलेला गिझर बहुतेक वेळा सुरक्षित असतो. त्याच्यातली एखादी सुरक्षेची कडी तुटलेली असते आणि म्हणून त्याने गॅस अडवलेला असतो. घरात सगळ्यांचं लक्ष मात्र त्याच्याकडे जातं, कारण पाणी गार येतं.

दुसऱ्या बाजूला, ज्याचं पाणी कडकडीत येतं पण ज्योत पिवळी झाली आहे, ज्याच्या वरच्या भिंतीवर काजळी धरली आहे, त्याच्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. 'चालतोय ना, मग झालं' म्हणून वर्षं निघतात. जीव घेणारा वायू तयार होतो तो या गिझरमध्ये.

गॅसला पूर्ण जळायला भरपूर ऑक्सिजन लागतो. तो मिळाला तर पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. कमी पडला तर कार्बन मोनॉक्साइड. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशेहून अधिक पट घट्ट धरतं. त्यामुळे श्वास चालू असतो, पण शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. आधी डोकं दुखतं, चक्कर येते, मळमळतं. मग हातापायातलं बळ जातं. धोका लक्षात येईपर्यंत कडी काढायचीही ताकद उरलेली नसते.

बाथरूममधली हवा किती पुरते?

मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचं, तर साधारण साडेदहा किलोवॉट उष्णता लागते. घरातल्या विजेच्या साठवण गिझरची कॉइल साधारण २ किलोवॉटची असते. म्हणजे हा भिंतीवरचा छोटा डबा तसल्या पाच गिझरचं काम एकटा करत असतो.

एवढी उष्णता दहा मिनिटं मिळवायला सुमारे १६० ग्रॅम एलपीजी जळतो. तो नीट जळायला दोन हजार लिटरहून थोडी जास्त हवा लागते. चार बाय सहा फुटांचं, आठ फूट उंचीचं बाथरूम असेल तर त्यात एकूण हवाच साडेपाच हजार लिटरच्या आत असते. म्हणजे दार-खिडकी बंद ठेवून दहा मिनिटं गिझर चालवला, तर खोलीतल्या एक तृतीयांशाहून जास्त हवेतला ऑक्सिजन ज्योतीला लागतो. सगळा ऑक्सिजन संपण्याची वाट पाहावी लागत नाही. तो काही टक्क्यांनी घटला तरी ज्योत अर्धवट जळू लागते.

म्हणून ज्योत निळी आहे एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही. सुरुवातीला निळी असलेली ज्योतही बंद खोलीत बिघडते.

पूर्वीच्या बंबाचीही आठवण इथे उपयोगी आहे. बंब न्हाणीघराबाहेर, अंगणात किंवा परसात पेटायचा. घरात पेटवला तर धुराने डोळे चुरचुरायचे आणि माणूस आपोआप बाहेर पळायचा. गॅस गिझरने तो धूर घालवला, आणि त्याबरोबर धुराने मिळणारी सूचनाही गेली.

मग वास कसा येत नाही?

हा सर्वात मोठा गैरसमज आहे. गॅसच्या सिलिंडरमधून येणारा उग्र वास मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा असतो. तो न जळलेल्या गॅसचा वास आहे. गॅस पेटला की तो वासही जळून जातो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही आणि डोळ्यांना चुरचुरही नाही. स्वयंपाकघरात खाली बसवलेला एलपीजी गळतीचा अलार्मही त्याला ओळखत नाही. त्यासाठी कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा अलार्म लागतो. तो ऑनलाइन मिळतो, पण झरोक्याला तो पर्याय नाही.

पाइप गॅस आल्यावर काय बदलतं?

मुंबई, ठाणे, पुण्यासारख्या शहरांत पाइपने येणारा नैसर्गिक वायू, म्हणजे पीएनजी, आता बऱ्याच इमारतींत पोहोचला आहे. जोडणी आली की जुना एलपीजीचा गिझर त्यालाच लावावा, असं वाटणं साहजिक आहे. पण दोन्ही गॅस वेगळे आहेत. एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन, तर पीएनजीमध्ये प्रामुख्याने मिथेन असतो. त्यांचा दाब वेगळा, उष्णता वेगळी आणि म्हणून जेटच्या छिद्राचं मापही वेगळं.

एलपीजीचा गिझर तसाच पीएनजीला जोडला तर ज्योत मरतुकडी राहते. उलट, पीएनजीसाठी मोठी केलेली छिद्रं असलेला गिझर घर बदलल्यावर पुन्हा सिलिंडरला जोडला, तर गरजेपेक्षा जास्त गॅस सुटतो. पिवळी ज्योत, काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड, हे सगळं मग ओघाने येतं. भाड्याच्या घरांत आणि जुन्या वस्तूंच्या खरेदीत हा घोळ होण्याची शक्यता जास्त असते. गिझरवरच्या पट्टीवर तो कोणत्या गॅससाठी आहे, हे लिहिलेलं असतं. आधी ते वाचा.

जबाबदारी नेमकी कुणाची?

एलपीजीवर चालणाऱ्या छोट्या घरगुती गिझरसाठी भारतात आयएस १५५५८ हे मानक आहे. गिझर घेताना आयएसआय चिन्ह आणि हा क्रमांक पाहणं ही पहिली पायरी. पण मानक गिझरची परीक्षा घेतं. तो ज्या बाथरूममध्ये लागतो, त्या बाथरूमची परीक्षा कुणी घेत नाही.

गिझर विकतो दुकानदार किंवा ऑनलाइन कंपनी. भिंतीवर बसवतो प्लंबर. गॅस देतो वितरक, ज्याची तपासणी प्रामुख्याने शेगडी, नळी आणि रेग्युलेटरपुरती असते. घर असतं मालकाचं आणि अंघोळ करतो भाडेकरू. अग्निसुरक्षा कायद्याखाली येणाऱ्या इमारतींना आग विझवण्याच्या यंत्रणेचं प्रमाणपत्र सहा महिन्यांनी द्यावं लागतं, पण फ्लॅटमधला झरोका त्याच्या कक्षेत येत नाही. एवढ्या हातांतून गिझर जातो आणि 'इथे हवा पुरेशी आहे का?' हा प्रश्न विचारणं कुणाचंच काम नसतं.

तुलनेसाठी ब्रिटन पाहता येईल. तिथे १९९८ च्या नियमांनुसार बाथरूममध्ये गॅसचं उपकरण लावायचं असेल तर ते 'रूम सील्ड' असावं लागतं. म्हणजे त्याने हवा बाहेरून घ्यायची आणि जळलेला वायू बाहेरच सोडायचा. गॅसचं काम व्यवसाय म्हणून करणाऱ्याची 'गॅस सेफ' नोंदणी सक्तीची आहे. घर भाड्याने देणाऱ्याला दरवर्षी गॅसची उपकरणं तपासून घ्यावी लागतात. आपल्याकडे गिझर दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकसाठी अशी सक्तीची नोंदणी नाही. त्यामुळे चांगला मेकॅनिक मिळणं हा बराचसा नशिबाचा भाग राहतो.

नियम यायचे तेव्हा येतील. तोवर हाउसिंग सोसायटी आणि घरमालक दोन गोष्टी करू शकतात. भाडेकरार करताना गिझर कुठे बसवला आहे हे पाहणं आणि वर्षातून एकदा दिवाळीच्या आसपास सगळ्या घरांचे गिझर एकाच मेकॅनिककडून तपासून घेणं.

कुणी बाथरूममध्ये बेशुद्ध पडलं तर?

हाक मारून उत्तर येत नसेल तर वाट पाहू नका. दार उघडा, गरज पडली तर तोडा. आत रेंगाळू नका, कारण तोच वायू तुमच्याही श्वासात जाणार आहे. व्यक्तीला मोकळ्या हवेत आणा, गिझर बंद करा, खिडक्या उघडा आणि १०८ ला फोन करा.

डॉक्टरांना एक वाक्य नक्की सांगा: "बाथरूममध्ये गॅस गिझर चालू होता." हे न सांगितल्यास फिट आली, रक्तदाब घसरला किंवा हृदयाचा त्रास झाला, असं वाटू शकतं. अंघोळीच्या वेळी झटके येऊन पडलेल्या रुग्णांबद्दल भारतीय मेंदूविकारतज्ज्ञांनी 'गॅस गिझर सिंड्रोम' या नावाने लिहिलेलं आहे.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. साध्या ऑक्सिमीटरला कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन यांतला फरक कळत नाही. रुग्ण गंभीर असतानाही तो ९८ दाखवू शकतो. उपचार आहे तो शुद्ध ऑक्सिजनचा. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तास-दीड तास. बरं वाटलं तरी रुग्णालयात जाणं गरजेचं आहे, कारण विसराळूपणा, गोंधळ, चालताना तोल जाणं असे परिणाम काही आठवड्यांनीही दिसू शकतात.

आज घरी काय पाहाल?

गिझर बाथरूमच्या आत असेल तर तो गॅलरीत किंवा बाहेरच्या हवेशीर भिंतीवर हलवता येतो का, हे प्लंबरला विचारा. गरम पाणी पाइपने आत आणता येतं. तो हलवेपर्यंत दार उघडं ठेवून बादली भरा, गिझर बंद करा, थोडा वेळ हवा खेळू द्या आणि मग अंघोळीला जा.

थंडी लागते म्हणून झरोक्याला लावलेला पुठ्ठा किंवा प्लॅस्टिक काढा. एक्झॉस्ट फॅन असेल तर दाराखाली फट आहे ना, ते बघा. बाहेरून हवा आत यायला वाट नसेल तर फॅन नुसता फिरत राहतो.

ज्योत पिवळी दिसत असेल, भिंतीवर काजळी असेल किंवा अंघोळीनंतर घरात एकाहून जास्त जणांचं डोकं दुखत असेल, तर गिझर चालू असला तरी आजपासून बंद ठेवा आणि मेकॅनिकला बोलवा. आणि एलपीजीचा वास आला तर दिव्याच्या बटणाला हात न लावता रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर फोन करा.